ओटीतले टमाटे

बाजारात उभं आयुष्य काढलेला माणूस म्हणून छातीठोक सांगतो, परभणी जिल्ह्यात मला सौद्यात हरवून गेलेला माणूस एकच, आणि त्याला कोथिंबिरीची जुडीसुद्धा धड घासाघीस करून घेता येत नव्हती. रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरवणारे सेलूचे कापसाचे दलाल मी पाहिले. झाडावरचा बहर बघून अख्खी बाग बोलीत उचलणारे व्यापारी पाहिले. त्यांच्याशी भांडलो, ओरडलो, पायात चपला सरकवून उठून निघालो, आणि प्रत्येक वेळी त्यांनीच हाक मारून मला परत बसवलं. माझे व्याही मात्र वेगळे. मी रागानं उठून निघालो की ते छत्री घेऊन मला स्टेशनपर्यंत पोचवायला यायचे. उठून निघालेल्या माणसाला परत बोलवायचं असतं, ही साधी रीत ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी सौदा करायचा कसा? आणि सौदा तरी कशाचा, तर टमाटा फळ की भाजी, याचा.

व्याही परभणीच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे आणि राहायचे पेडगावला. सकाळच्या पॅसेंजरनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. उंच, काटकुळे, उन्हाळ्यातसुद्धा अंगात काळा कोट, आणि कोटाचे दोन्ही खिसे टमाट्यांनी फुगलेले. एका खिशात पिकलेले, दुसऱ्यात जरा निबर. त्यांचं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालं होतं. त्यांच्या कोणा उस्तादांनी एकदा वर्गात टमाटा मधोमध कापून दाखवला आणि 'जिसमें बीज, वो फल' एवढं सांगितलं. बाकीच्या पोरांनी ते लिहून घेतलं आणि परीक्षा झाल्यावर विसरून संसाराला लागले. माझ्या व्याह्यांनी तोच संसार केला. मला ते एकदा म्हणाले, "शेठ, पृथ्वी गोल हाय हे मी नुसतं ऐकलेलं हाय. टमाटा फळ हाय हे मी बघितलेलं हाय."

पेडगाव ते परभणी अंतर ते केवढं. पण तेवढ्यात ते एक टमाटा खिशातल्या चाकूनं कापून, बिया दाखवून, फोडी वाटून मोकळे व्हायचे. फुलापासून होतं आणि पोटात बी धरतं ते फळ, हा त्यांचा नियम. डब्यातले लोक फोडी खायचे आणि स्वतःचं मत स्वतःजवळ ठेवायचे. नियम एकदा मानला की मग तो सगळीकडे मानायचा, असाही त्यांचा हट्ट. त्यामुळे भेंडी, दोडका, वांगं, मिरची, सगळीच त्यांच्या लेखी फळं. वांग्याची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईला त्यांनी फार आदरानं विचारलं, ही फळं कुठल्या शिवारातली. बाईला वाटलं मास्तर टिंगल करायलाय. तिनं टोपली उचलली आणि पुढच्या स्टेशनात डबा बदलला. व्याही मात्र हळहळले. तिला स्वतःचं मोठेपण कळलं नाही, म्हणाले.

उपवास ते भरपूर करायचे. एकादशी, चतुर्थी, सोमवार, शिवरात्र, काही सोडायचे नाहीत. गाव म्हणायचं गुरुजी भाविक आहेत. मी म्हणतो, ती भक्ती टमाट्याची होती. साबुदाण्याला ते हात लावायचे नाहीत, कारण तो कंदाचा लगदा. भगर म्हणजे सरळ सरळ धान्य. शेंगदाणे कडधान्याच्या घराण्यातले. अशा रीतीनं गावाचे सगळे उपवास खोटे ठरवून ते स्वतः मीठ लावलेल्या टमाट्यांवर दिवस काढायचे. गावात आलेल्या एका कीर्तनकारबुवांनी त्यांना टोकलं, की टमाटा उपवासाला चालतो असं कुठं सांगितलंय? व्याह्यांनी उलट विचारलं, की बुवा, काकडी चालती का? बुवा त्या वेळी काकडीच खात होते.

माझ्या मुलीचं, सुमनचं, त्यांच्या मुलाशी जमवायचं म्हणून मी प्रथम त्यांचं घर बघायला गेलो, तो नेमका एकादशीचा दिवस. व्याह्यांनी स्वतःच्या हातानं केलेली शिकरण वाटीत आणून दिली. केळाच्या जागी टमाटा. दुधाच्या गुठळ्या झालेल्या, त्यात लाल फोडी तरंगताहेत, वर साखर आणि वेलदोडा. मी म्हणालो, दूध नासलेलं दिसतंय. त्यांनी वाटीत डोकावून, वर्गात बोलतात त्या आवाजात सांगितलं, "नासलं न्हाई. फळाचं आम्ल हाय, त्यानं दूध घट्ट केलं. पचायला हलकं." मी मुलीचा बाप. प्यालो. मुलगा सरकारी नोकरीत, निर्व्यसनी, समोरच्याच्या डोळ्याकडे बघून बोलणारा. असा मुलगा टमाट्यापायी हातचा घालवण्याइतका मी कच्चा व्यापारी नाही.

विहीणबाईंचे हाल मला नंतर कळले. त्या घरात वरणात चिंच पडायची, टमाटा कधी नाही. फळ शिजवायचं म्हणजे व्याह्यांना पाप वाटायचं. एकदा पाहुणे होते, चिंच संपली होती, म्हणून विहीणबाईंनी गुपचूप एक टमाटा वरणात ढकलला. व्याह्यांना घासात साल सापडली. ते नुसते बघत राहिले तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "आंब्याचं लोणचं खाता तवा आंबा फळ नसतो व्हय?" दुसरा कोणी असता तर चिडला असता. व्याह्यांनी बराच वेळ विचार केला, बायकोचं म्हणणं बरोबर आहे असं कबूल केलं, आणि त्या दिवसापासून आंब्याचं लोणचं सोडलं. त्यांच्या हेडमास्तरांना ताप आला तेव्हा ते बघायला जाताना पिशवीभर टमाटे घेऊन गेले. आजाऱ्याला फळं न्यायची असतात. हेडमास्तरांच्या बायकोनं त्याचं झकास सार केलं आणि वाटीभर व्याह्यांच्या घरी आठवणीनं पाठवलं. ती वाटी पुढ्यात ठेवून माझे व्याही घरात कोणी गेल्यासारखे बसून राहिले होते.

आता माझं सांगतो, म्हणजे माझा राग समजेल. मी ताडकळसच्या बाजारात जमिनीवर पोतं पसरून मेथी, चुका, आंबाडी विकलेला माणूस. डोक्यावर टोपली आणि समोरून हाक यायची, "ए भाजीवाल्या". पुढं पेरू धरले, मग केळी, मग मोसंबी, आणि सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर दुकान टाकलं. पाटी लावली, 'फळांचे व्यापारी'. ज्या दिवशी पाटी लागली त्या दिवसापासून तीच माणसं मला शेठ म्हणायला लागली. भाजी आणि फळ यांच्यामधलं ते अंतर मी पायांनी चाललेलो आहे. दुकानात कोथिंबिरीची काडी दिसली तर मी गड्यांवर ओरडायचो. लिंबूसुद्धा मी ठेवत नाही, कारण त्याच्याबद्दल माझ्या मनात शंका आहे. आणि असा मी, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली, मुलीचा साखरपुडा काढला, सेलूचे सगळे व्यापारी बोलावले, दारात मांडव घातला, आणि मुलाकडच्यांनी ओटीसाठी आणलेल्या टोपलीवरचं फडकं बाजूला झालं.

आमच्याकडे साखरपुड्यात मुलाकडच्या बायका मुलीची ओटी भरतात. खण, नारळ, गहू आणि पाच फळं. टोपलीत पाच टमाटे होते. मोठाले, लालभडक, तेलाचा हात फिरवून चकाकवलेले. विहीणबाईंनी मान खाली घालून ते एकेक करून सुमनच्या पदरात ठेवले. माझी बहीण, जिचा आवाज मुळातच बारीक नाही, म्हणाली, "पोरीच्या ओटीत भाजी घातली की हो." आणि एक कापसाचा दलाल मागून हळूच म्हणाला, "शेठ, पाटी बदलावी लागती काय?"

मी व्याह्यांचा हात धरून त्यांना मांडवाच्या मागं नेलं. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, पेरू-मोसंबी आणायची तर ती तुमच्याच दुकानातून आणावी लागली असती. तुमचंच घेऊन तुमच्याच लेकीच्या ओटीत कसं घालू? हे माझ्या हातानं लावलेलं हाय. घरचं फळ हाय." मी म्हणालो, ते राहू द्या, मांडवात येऊन एवढंच म्हणा की चुकून भाजी आली, बाकीचं मी सांभाळतो. त्यांनी मान हलवली. "बाकी काय बी सांगा, शेठ. हे म्हनता यायचं न्हाई." माझा पारा चढला. साखरपुडा मोडला असं सांगायलाच मी मांडवात परत आलो, तर पाटावर बसलेली सुमन ओटीतला एक टमाटा खात होती. सकाळपासून पोरीच्या पोटात काही नव्हतं, आणि सगळे भांडणाकडं बघत होते. तिनं निम्मा संपवला होता. ओटीतलं खाल्लं म्हणजे घेतलं. आता काय मोडता? माझ्यामागून आलेल्या व्याह्यांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. परीक्षेत पहिला आलेला पोरगा जसा दिसेल तसा.

लग्न झालं. पण मी साऱ्या मांडवासमोर सांगून टाकलं होतं, की तुमच्या तोंडून 'टमाटा भाजी आहे' हे ऐकल्याशिवाय तुमच्या घरी जेवणार नाही. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी जेवायचं नाही अशी तर आमच्यात रीतच आहे. मी म्हणालो, नातू झाला तरी जेवणार नाही. माझं बोलणं म्हणजे पक्क्या वजनाचं.

इथंच त्या साध्या माणसानं मला धरला. रीत जेवणाची आहे, फळाची नाही. मुलीच्या घरी बापानं फळ खाल्लं तर कोणी नाव ठेवत नाही. मी पेडगावला गेलो की व्याही आत जायचे आणि टमाट्याच्या फोडी, वर मीठ, अशी बशी आणून माझ्यापुढं ठेवायचे. "जेवू नका. फळ तर घ्या." आता बघा. खाल्लं तर टमाटा फळ आहे हे मी कबूल केलं. आणि भाजी म्हणून खाल्लं तर माझी शपथ मोडली. अशी कोंडी रुमालाखाली बोटं दाबणाऱ्या दलालांनाही कधी सुचली नाही. मी पाणी पिऊन उठायचो, बशी तशीच राहायची आणि ते छत्री घेऊन मला पोचवायला यायचे.

गाडीची वाट बघत आम्ही भाव करायचो. मी म्हणालो, पिकलेला फळ, हिरवा भाजी, घ्या निम्मं निम्मं. ते म्हणाले, हिरवा आंबा काय भाजी असतो? मी म्हणालो, बरं, पेडगावात फळ आणि सेलूत भाजी, तुमच्या गावात तुमचं खरं, माझ्या गावात माझं. यावर त्यांनी खरोखर विचार केला. "मग गाडी मधी मानवत रोडला थांबली की त्यो काय व्हायचा?" असं विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. माझी गाडी आली, मी गेलो. पुढच्या खेपेला भेटले तेव्हा त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

नातू झाला. बारशाला आलेलं सगळं गाव जेवलं, मी ओसरीवर बसून राहिलो. देशात आणीबाणी आली आणि गेली, सरकार बदललं, बशी काही हटली नाही. बाकी कोणाला यात गंमत वाटायची. सुमनला वाटायची नाही. ती फारसं बोलणारी पोर नाही. पण एकदा मी निघताना तिनं माझी पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "आण्णा, भांडन तुमचं मामांशी हाय. उपाशी मात्र माझ्या घरातून उठता." मी गाडीत बसलो. तेवढ्याशा बोलण्यानं सेलूपर्यंत मला खिडकीबाहेरचं शिवार दिसलं नाही.

ते व्याह्यांच्या कानावर गेलं असावं, किंवा गेलं नसेलही. त्याच हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं होतं. डॉक्टरांनी हिंडणंफिरणं बंद केलं. घरामागचा टमाट्यांचा वाफा पाण्यावाचून वाळला, आधाराला रोवलेल्या नुसत्या तुराट्या उभ्या राहिल्या. मला हे कळलं तेव्हा मी दुकानातली उत्तम मोसंबी निवडली, टोपली भरली, आणि मग टोपलीकडे बघत बसलो. नंतर सरळ उठून ताडकळसच्या बाजाराला गेलो. किती वर्षांनी गेलो. जिथं माझं पोतं असायचं तिथं दुसरीच कोणी बाई बसली होती. तिच्यापुढं उकिडवा बसून मी टमाटे निवडले, एकेक दाबून, वास घेऊन. भाव केला नाही. तिनं सांगितला तो दिला. तिलाच संशय आला आणि तिनं नोटा उजेडात धरून बघितल्या.

टोपलीत मोसंब्यांच्या वर मी ते टमाटे रचले. फळांच्या व्यापाऱ्यानं फळांच्या टोपलीत, सगळ्यांना दिसतील असे. मनात वाक्य ठरवून गेलो होतो. आजाऱ्याला फळं आणलीत गुरुजी, एवढंच म्हणायचं आणि बशीतली फोड उचलायची. माझी हार झाली तरी चालेल, पोरीच्या घरात माझ्या दातांखाली काहीतरी पडेल.

व्याही भिंतीला टेकून बसले होते. काळा कोट खुंटीवर होता, खिसे रिकामे. विहीणबाई उशाशी, सुमन दारात. मी टोपली पुढं केली. त्यांनी टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "शेठ, आजाऱ्याला भाजी कोन आनतं?"

माझं ठरवलेलं वाक्य तोंडातच राहिलं आणि त्याच्या जागी माझा नेहमीचा राग बाहेर पडला. मी म्हणालो, "भाजी न्हाई ती गुरुजी, फळ हाय. बी हाय त्याच्यात."

"असू द्या बी. वरनात पडती ती भाजी."

"तुमच्या घरात कधी पडली वरनात?"

"आता पडंल. त्यात काय."

मग आम्ही भांडलो. मी त्यांना फूल, बी, आम्ल, कैरी, काकडी, सगळं ऐकवलं. त्यांचाच माल त्यांनाच विकत होतो म्हणा ना. आणि ते उशीला टेकून, दम लागत असताना, टमाटा भाजीच कशी आहे हे मला सांगत होते. माझीच कारणं, माझ्याच शब्दांत. एवढी वर्षं स्टेशनवर उभं राहून मी जे बोललो होतो ते त्या माणसानं नीट ऐकून ठेवलं होतं. शेवटी विहीणबाईंनी दोघांनाही गप्प केलं. व्याह्यांनी डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाले, "शब्द पडला न्हवं माझ्या तोंडातून? सुमन, तुझ्या आण्णांना वाढ."

सुमननं वाढलं. गरम भाकरी, वरण, मेथीची भाजी. ताट व्याह्यांच्या अंथरुणाशेजारीच मांडलं. मी आणलेल्या टमाट्यांतला एक तिनं चिरला आणि फोडी घेऊन ती क्षणभर ताटासमोर थांबली. ताटाच्या उजव्या अंगाला भाजी वाढतात. तिथं वाढल्या असत्या तर भाजी झाली असती. नेहमीसारख्या बशीतून माझ्या एकट्यापुढं ठेवल्या असत्या तर फळ. तिनं त्या ताटात वाढल्याच नाहीत. एका बशीत घालून, वर मीठ टाकून, बशी माझ्या आणि व्याह्यांच्या मधोमध ठेवली आणि भाकऱ्या करायला आत निघून गेली. मी एक फोड घेतली. त्यांनी एक घेतली. कोणी काही विचारलं नाही.

उन्हाळा लागायच्या आत व्याही गेले. सौद्यात जो आधी खाली येतो तो हरतो, हे मी बाजारात शिकलो. मी खाली यायला निघालो होतो, जिन्याच्या पहिल्या पायरीवर होतो, आणि हा माणूस माझ्या आधी खाली येऊन उभा. माझी शपथ सुटावी म्हणून बोलला की खरंच मत बदललं होतं, ते मी त्याला विचारणार होतो. बरा होऊ द्यावा म्हणून थांबलो. हे त्यानं चांगलं केलं नाही. एवढं बोलून, पुढचं बोलायला माणूस जागेवर असावा की नाही? त्यामुळं माझी तक्रार आहे ती आहे.

पेडगावला मी आता अधूनमधून जातो आणि जेवतो. वरणात चिंचच असते. सुमन तेवढं बदलायला तयार नाही. ती बशी ताटाच्या बाहेर, सवयीनं तशीच मधे ठेवते, पलीकडं कोणी बसलेलं नसलं तरी. मी माझ्या बाजूच्या फोडी खातो. पलीकडच्या राहू देतो. जेवून मी एकटाच स्टेशनकडं चालत येतो. गाडी मानवत रोडला थांबली की मला त्यांचा तो प्रश्न आठवतो, आणि उत्तर अजून सुचलेलं नाही.